सिसलॉगची फाइल नाही, म्हणून लॉग गेला असे नव्हे

संपादक महोदय,

स. न. वि. वि.

लिनक्सवर बरीच वर्षे काढलेल्या माणसाच्या हाताला एक सवय जडलेली असते. सर्व्हर कुरकुरला की हात आपसूक /व्हार/लॉग/सिसलॉग या लॉगच्या, म्हणजे मशीनने केलेल्या नोंदींच्या, फाइलकडे जातो. टेल मारायचा (फाइलचा शेवट पाहायचा), ग्रेप मारायचा (शब्द शोधायचा), चूक हुडकायची. नव्याने बसवलेल्या डेबियन १२ या लिनक्सवर हा हात रिकामा परत येतो, कारण ती फाइलच तिथे नसते. जून २०२३ मध्ये आलेल्या या आवृत्तीपासून ती फाइल लिहिणारा आरसिसलॉग हा प्रोग्राम मूळ संचात येत नाही. मग लगेच ऐकू येते, 'नव्या डेबियनमध्ये लॉगच होत नाही.' लॉग होतो, पूर्वीपेक्षा जास्तच होतो. तो जर्नलडी ठेवतो आणि जर्नलसीटीएल या कमांडने वाचावा लागतो. या बदलात नेमके कुठे पाय अडकतो ते सांगण्यासाठी हे पत्र. (कमांड आणि पथ इथे देवनागरीत दिले आहेत, टाइप अर्थातच रोमनमध्ये करायचे.)

सिस्टिमडी (बूटपासून मशीनवरच्या सर्व्हिस सुरू करणारी आणि सांभाळणारी यंत्रणा; जर्नलडी तिचाच भाग) चांगला की वाईट, या वादात आम्हाला शिरायचे नाही. लेनार्ट पोएटरिंग यांनी एप्रिल २०१० मध्ये तो मांडला. २०११ मध्ये फेडोरा १५ ने तो स्वीकारला, २०१४ मध्ये रेड हॅट एंटरप्राइज लिनक्स ७ ने आणि एप्रिल २०१५ मध्ये डेबियन ८ व उबुंटू १५.०४ ने. भांडण इतके पेटले की त्यातून डेव्हुअन नावाची वेगळी चूल मांडली गेली. ज्यांना सिस्टिमडी नकोच, त्यांना डेव्हुअन, अल्पाइन, व्हॉइड हे पर्याय आहेत, आणि ते चांगले चालतात. आमची तक्रार अर्धवट बदलाबद्दल आहे. यंत्रणा नवी, पण तिच्यावर चाललेल्या स्क्रिप्ट २००८ सालच्या, इनिट.डी या जुन्या स्टार्टअप फोल्डरातून जशाच्या तशा उचललेल्या. सिस्टिमडी त्यांना बरीच वर्षे सांभाळून घेत आला. जुलै २०२३ च्या २५४ व्या आवृत्तीत मात्र ही सोय कालबाह्य ठरवून पुढे काढून टाकणार असल्याचे जाहीर झाले. ज्यांनी अजून हात लावलेला नाही, त्यांची मुदत संपत आली आहे. सी-डॅक या सरकारी संस्थेची बॉस ही लिनक्स प्रणाली डेबियनवर बेतलेली आहे, त्यामुळे डेबियनमध्ये जे होते ते तिच्याही वाट्याला येते.

आधी लॉगचे पाहू, कारण नुकसान तिथे सगळ्यात गुपचूप होते.

डेबियन १२ वर फेल२बॅन बसवून पाहा. चुकीचे पासवर्ड मारत बसणाऱ्या आयपीला अडवणारा हा प्रोग्राम एसएसएचच्या (दूरवरून लॉगिन करण्याच्या सोयीच्या) नोंदी /व्हार/लॉग/ऑथ.लॉग या फाइलमध्ये शोधतो. आरसिसलॉग नसेल तर ती फाइलही नसते. एसएसएचडी जेलसाठी (एसएसएचवर पहारा ठेवणाऱ्या नियमासाठी) लॉग फाइल सापडली नाही, एवढे म्हणून तो सुरू होता होताच बंद पडतो. पॅकेज बसले म्हणून माणूस निर्धास्त असतो, आणि इकडे दार सताड उघडे. उपाय दोन ओळींचा आहे. पायथन३-सिस्टिमडी हे पॅकेज घाला आणि जेल.लोकल फाइलमध्ये एसएसएचडीच्या भागात बॅकएंड=सिस्टिमडी लिहा. मग तो थेट जर्नलमधून वाचतो. रीस्टार्टनंतर फेल२बॅन-क्लायंट स्टेटस एसएसएचडी ही कमांड देऊन जेल खरोखर चालू आहे ना, ते पाहा. लॉगची फाइल वाचणाऱ्या तुमच्या स्वतःच्या स्क्रिप्टनाही हाच न्याय. नवे मशीन घेतल्यावर सगळ्या स्क्रिप्टमध्ये 'व्हार/लॉग' हा शब्द एकदा शोधून काढाच.

वाचण्याची सवय चार दिवसांत लागते. एका सर्व्हिसपुरता लॉग हवा तर जर्नलसीटीएल डॅश यू आणि सर्व्हिसचे नाव. चालू लॉग बघत बसायचे तर डॅश एफ. फक्त चुका हव्यात तर डॅश पी एर्र. मागच्या वेळी मशीन बंद पडले तेव्हाचे शेवटचे शब्द हवे असतील तर डॅश बी डॅश १, सोबत डॅश ई. ही शेवटची सोय जुन्या पद्धतीत नव्हती, आणि एकट्या तिच्यासाठीसुद्धा जर्नल शिकावे. नव्या माणसाला दोन गोष्टी छळतात. एक, लांब ओळ पडद्याच्या काठाशी कापलेली दिसते आणि चुकीचे मुख्य कारण नेमके त्या कापलेल्या भागात असते. उजवा बाण दाबा किंवा डॅश डॅश नो-पेजर द्या. दोन, साध्या खात्यातून कमांड दिली की फक्त स्वतःच्याच नोंदी दिसतात. त्या माणसाला सिस्टिमडी-जर्नल किंवा एडीएम गटात घाला आणि लॉगआउट करून परत यायला सांगा. पाइप लावून ग्रेप पूर्वीसारखाच चालतो, ती काळजी नको.

मशीन चालूच होत नसेल तर? जर्नल बायनरी आहे, मजकुराची फाइल नाही, हा आक्षेप रास्त आहे. पण डिस्क लाइव्ह यूएसबीवरून माउंट करून जर्नलसीटीएल डॅश डी आणि त्या डिस्कवरच्या जर्नल फोल्डराचा पथ दिला की सगळे वाचता येते. अचानक वीज गेल्यानंतर 'फाइल खराब झाली, नाव बदलून नवी घेतो' अशा अर्थाचा संदेश दिसतो आणि छातीत धस्स होते. जुन्या फाइलच्या नावाच्या शेवटी तरंगती रेघ (~) लागलेली असते आणि तिच्यातला लिहून झालेला भाग जर्नलसीटीएल वाचतोच. जाते ते वेगळेच. नेहमीच्या नोंदी डिस्कवर पक्क्या करायला जर्नलडी मूळ सेटिंगप्रमाणे ५ मिनिटे घेतो. फक्त अतिगंभीर दर्जाच्या नोंदी लगेच पक्क्या होतात. म्हणजे वीज गेली तर शेवटची ५ मिनिटे हातातून निसटू शकतात. जिथे यूपीएसचा भरवसा नाही, तिथे जर्नलडी.कॉन्फमध्ये सिंकइंटरव्हलसेक=३०एस करा. एसडी कार्डावर चालणाऱ्या छोट्या मशीनवर मात्र हे करू नये, कार्ड लवकर झिजते.

आता 'रीबूट केले आणि लॉग गायब' ही तक्रार. जर्नलडीचे स्टोरेज हे सेटिंग मुळात ऑटो असते. ऑटोचा अर्थ असा : /व्हार/लॉग/जर्नल हे फोल्डर असेल तर डिस्कवर लिहायचे, नसेल तर /रन खाली, म्हणजे मेमरीत. मेमरीतले रीबूटला पुसले जाणारच. डेबियनने ११ व्या आवृत्तीपासून ते फोल्डर तयार करूनच दिले. रेड हॅटच्या कुटुंबात आरसिसलॉगची फाइल असते म्हणून जर्नल बहुधा मेमरीतच राहतो, आणि तिथे डॅश बी डॅश १ दिले की हाती काही लागत नाही. ऑटोवर विसंबू नका; स्टोरेज=पर्सिस्टंट असे स्वच्छ लिहा आणि सिस्टिमडी-जर्नलडी रीस्टार्ट करा. मग एकदा मुद्दाम रीबूट करून डॅश डॅश लिस्ट-बूट्स देऊन पाहा. यादीत दोन ओळी दिसल्या की झाले.

किती दिवसांचा लॉग राहतो, हे मात्र फार थोडे लोक मोजतात. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबरसुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार कंपन्या, डेटा सेंटर, सेवा पुरवठादार आणि सरकारी संस्थांनी आपल्या यंत्रणांचे लॉग मागील १८० दिवसांपर्यंतचे जपायचे आहेत. जर्नलडी दिवसांचा नव्हे, जागेचा हिशेब ठेवतो. ज्या पार्टिशनवर तो आहे त्याच्या १० टक्के, आणि कितीही मोठी डिस्क असली तरी कमाल ४ जीबी. शिवाय १५ टक्के जागा मोकळी सोडायची, तीही कमाल ४ जीबी. मर्यादा भरली की सगळ्यात जुने आपोआप जाते, कुणाला न विचारता. हिशेब मांडून पाहा. रोज २०० एमबी नोंदी होत असतील तर ४ जीबी २० दिवसांत भरले. १८० दिवसांना ३६ जीबी लागतील. तुमचा रोजचा आकडा काढायला डॅश डॅश डिस्क-यूसेजने एकूण आकार घ्या, जर्नलची पहिली नोंद किती तारखेची आहे ते पाहा आणि भागाकार करा.

यावर मॅक्सरिटेन्शनसेक=१८०डे लिहून निवांत होणारे बरेच भेटतात. ते सेटिंग १८० दिवसांपेक्षा जुने काढून टाकते, १८० दिवस ठेवण्याची हमी देत नाही. जागेची मर्यादा आधी भरली तर विसाव्या दिवशीच कात्री लागते. हमी हवी तर सिस्टिममॅक्सयूज, म्हणजे ही जागेची मर्यादा, वाढवावे लागते, आणि डिस्कवर तेवढी जागा खरोखर असावी लागते.

आमचा कल दुसऱ्या मार्गाकडे आहे. जर्नल १-२ जीबीचा ठेवावा, रोजच्या दुरुस्तीला तेवढा पुरतो. दीर्घकाळ जपायच्या नोंदी आरसिसलॉग बसवून दुसऱ्या मशीनवर पाठवाव्यात. नवी पद्धत आली म्हणजे जुने पॅकेज निषिद्ध झाले असे नाही. दोघे सुखाने शेजारी नांदतात. पाठवण्याच्या ओळीत मशीनच्या नावाआधी एक ॲट (@) दिले तर यूडीपी, दोन दिले तर टीसीपी. दोनच द्या, यूडीपीवर हरवलेली नोंद हरवल्याचेही कळत नाही. तिथेही एक खाच आहे. डेबियनवर आरसिसलॉगच्या फाइलींची लॉगरोटेट (जुन्या लॉग फाइली बाजूला काढून पुसणारा प्रोग्राम) साप्ताहिक आवर्तने ठेवतो आणि ती फक्त ४. म्हणजे महिनाभराचाच साठा. नोंदी जमा होणाऱ्या मशीनवर ते डेली आणि रोटेट १८० असे बदला, सोबत कॉम्प्रेस राहू द्या.

घड्याळही त्याच निर्देशांत येते. एनआयसी (राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्र) किंवा राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेच्या वेळेशी यंत्रे जुळवायला सांगितले आहे. टाइमसिंकडी.कॉन्फमध्ये एनटीपी= पुढे समय१.एनआयसी.इन आणि समय२.एनआयसी.इन लिहिले की काम झाले. (सर्व्हरला 'समय' हे नाव ठेवणाऱ्याला आमचा नमस्कार.) क्लाउडवरचे मशीन सहसा यूटीसीवर (जागतिक प्रमाण वेळेवर) असते, म्हणून नोंदी साडेपाच तास मागच्या दिसतात. टाइमडेटसीटीएलने एशिया/कोलकाता लावा. जर्नल वेळ यूटीसीतच साठवतो आणि दाखवताना बदलतो, त्यामुळे जुन्या नोंदींच्या वेळाही लगेच बरोबर दिसतात.

आता स्टार्टअप स्क्रिप्ट. समजा, /ऑप्ट/हजेरी या फोल्डरात हजेरी नोंदवणारा एक पायथन प्रोग्राम आहे आणि तो बूटच्या वेळी इनिट.डीमधली ८० ओळींची स्क्रिप्ट सुरू करते. त्या ८० ओळींच्या जागी /ईटीसी/सिस्टिमडी/सिस्टिम फोल्डरात हजेरी.सर्व्हिस ही एवढीच फाइल पुरते :

[युनिट]
डिस्क्रिप्शन=हजेरी सर्व्हर
वॉन्ट्स=नेटवर्क-ऑनलाइन.टार्गेट
आफ्टर=नेटवर्क-ऑनलाइन.टार्गेट

[सर्व्हिस]
यूजर=हजेरी
वर्किंगडिरेक्टरी=/ऑप्ट/हजेरी
एन्व्हायर्नमेंट=पायथनअनबफर्ड=१
एक्झेकस्टार्ट=/यूएसआर/बिन/पायथन३ हजेरी.पीवाय
रीस्टार्ट=ऑन-फेल्युअर
रीस्टार्टसेक=५

[इन्स्टॉल]
वॉन्टेडबाय=मल्टी-यूजर.टार्गेट

वॉन्ट्स आणि आफ्टर दोन्ही का? आफ्टर फक्त क्रम सांगतो, समोरच्याला उठवत नाही. वॉन्ट्स उठवतो, पण थांबत नाही. नुसते नेटवर्क.टार्गेट लिहिले तर आयपी मिळालेला असेलच असे नाही. डेटाबेस दुसऱ्या मशीनवर असेल तर सकाळी पहिलीच जोडणी फसते. पायथनअनबफर्डची ओळ वगळली तर प्रिंटने छापलेले जर्नलमध्ये कितीतरी उशिरा दिसते, कारण समोर टर्मिनल नाही म्हटल्यावर पायथन मजकूर साठवून ठेवतो. 'सर्व्हिस चालू आहे पण लॉग कोरा' याचे हे हमखास कारण.

रीस्टार्टसेक दिले नाही तर ते १०० मिलिसेकंद असते. प्रोग्राम सुरू होताच कोसळत असेल तर क्षणार्धात पाच प्रयत्न संपतात. १० सेकंदांत ५ ही मूळ मर्यादा. मग सिस्टिमडी हात वर करतो आणि 'फार वेगाने पुन्हा पुन्हा सुरू करण्याची विनंती' असे म्हणतो. मूळ चूक या ओळीच्या वर असते, तिकडे पाहा. दुरुस्ती झाल्यावर लगेच सुरू होत नसेल तर सिस्टिमसीटीएल रीसेट-फेल्ड द्या.

जुन्या सवयीने प्रोग्राम स्वतःला मागे ढकलत असेल, म्हणजे डेमन होऊन पीआयडी फाइल (प्रक्रियेच्या क्रमांकाची फाइल) लिहीत असेल, तर या फाइलने तो सेकंदात मरतो. प्रकार दिला नाही की सिस्टिमडी टाइप=सिंपल धरतो. मुख्य प्रक्रिया संपली, अर्थात सर्व्हिस संपली, असे समजून तो मागे उरलेल्यांनाही मारतो. प्रोग्रामचा मागे न जाता समोर (फोरग्राउंडमध्ये) चालण्याचा पर्याय शोधा. नसेलच तर टाइप=फोर्किंग आणि पीआयडीफाइल द्या.

एक्झेकस्टार्टची ओळ शेल (टर्मिनलमध्ये कमांड वाचणारा प्रोग्राम) वाचत नाही, हे जितक्या वेळा सांगावे तितके थोडे. पाइप, मोठ्या-लहानच्या खुणा, दोन अँपरसँड, काहीही चालत नाही. ते हवेच असेल तर पुढे /बिन/एसएच डॅश सी लावा. तारीख घालण्यासाठी टक्क्याची खूण वापरली तर ती दोनदा लिहावी लागते, कारण एकटी टक्क्याची खूण सिस्टिमडीने स्वतःच्या कामासाठी राखून ठेवली आहे. बॅशआरसी या शेलच्या सेटिंगच्या फाइलमधले काहीही इथे लागू होत नाही. लिमिट्स.कॉन्फमध्ये वाढवलेली फाइलींची मर्यादासुद्धा नाही; ती या फाइलमध्ये लिमिटनोफाइलने द्यावी लागते.

सर्व्हिस फसली की स्टेटसमध्ये एक आकडा येतो आणि तो बहुतेक जण वाचतच नाहीत. २०० म्हणजे वर्किंगडिरेक्टरी सापडली नाही. २१७ म्हणजे यूजरमध्ये दिलेल्या नावाचे खाते मशीनवर नाही. २०३ सगळ्यात जास्त दिसतो, आणि त्याची कारणे चार : फाइलच नाही, चालवण्याची परवानगी नाही, स्क्रिप्टची पहिली शेबँगची (कशाने चालवायचे ते सांगणारी) ओळ नाही, किंवा फाइल विंडोजवर लिहिल्यामुळे प्रत्येक ओळीच्या शेवटी एक अदृश्य अक्षर चिकटले आहे. शेवटच्यासाठी डॉस२युनिक्स. रेड हॅटवर पाचवे कारणही असते, एसईलिनक्स ही सुरक्षा यंत्रणा. स्क्रिप्ट /होममध्ये ठेवू नका. /यूएसआर/लोकल/बिनमध्ये हलवून रीस्टोरकॉन द्या.

पॅकेजसोबत आलेली युनिट फाइल (वर दिली तशी सर्व्हिसची फाइल) /यूएसआर खाली असते. तिला हात लावू नका, पुढच्या अपडेटमध्ये बदल धुऊन जातो. सिस्टिमसीटीएल एडिट वापरा, म्हणजे तुमच्या चार ओळी वेगळ्या ठेवल्या जातात. त्यात एक्झेकस्टार्ट बदलायचे असेल तर आधी एक रिकामी एक्झेकस्टार्ट= ओळ लिहा आणि मग नवी. नाहीतर दोन एक्झेकस्टार्ट झाले म्हणून तो नकार देतो. फाइल हाताने बदलली की डेमन-रीलोड, आणि मग रीस्टार्ट. इनेबल म्हणजे पुढच्या बूटला सुरू होईल. आत्ता सुरू व्हायला स्टार्ट वेगळे द्यावे लागते, किंवा इनेबलला डॅश डॅश नाऊ जोडायचे.

'मी /टीएमपीत फाइल ठेवली, अपाचीला ती दिसत नाही' हेही ऐकू येते. प्रायव्हेटटीएमपी चालू असलेल्या सर्व्हिसला तिचे स्वतःचे वेगळे /टीएमपी मिळते. दोन प्रोग्रामनी देवाणघेवाणीसाठी ते फोल्डर वापरू नये. डेबियन १३ च्या नव्या मशीनवर तर /टीएमपी मेमरीतच असते आणि तिथल्या १० दिवसांहून जुन्या फाइली झाडल्या जातात.

रनलेव्हल (मशीन कोणत्या अवस्थेत सुरू व्हावे तो क्रमांक) ३ आणि ५ पाठ करून घेणाऱ्या नोट्स अजून हातोहात फिरतात. त्यांच्या जागी मल्टी-यूजर आणि ग्राफिकल ही दोन टार्गेटे लिहिली की तो धडा संपतो. त्यातून वाचलेला तास एफएसटॅबवर (कोणती डिस्क कुठे जोडायची ते सांगणाऱ्या फाइलवर) घालवावा, कारण जुन्या माणसाला सगळ्यात मोठा धक्का तिथे बसतो.

बॅकअपची बाहेरची डिस्क एफएसटॅबमध्ये लिहिलेली आहे आणि कुणीतरी ती काढून घरी नेली. जुन्या पद्धतीत मशीन बहुधा कुरकुर करून पुढे जायचे. सिस्टिमडी ९० सेकंद त्या डिस्कची वाट पाहतो आणि मग इमर्जन्सी मोडमध्ये जाऊन बसतो. नेटवर्क नाही, एसएसएच नाही, समोर जाऊन बसावे लागते. त्यात रूटचा पासवर्ड ठेवलेला नसेल तर डेबियन 'रूट खाते कुलूपबंद आहे' असे सांगून तेही दार लावतो. मग बहुधा लाइव्ह यूएसबीच काढावी लागते. म्हणून काढता येणाऱ्या प्रत्येक डिस्कच्या ओळीत नोफेल आणि एक्स-सिस्टिमडी.डिव्हाइस-टाइमआउट=१०एस लिहा. फाइल बदलल्यावर फाइंडमाउंट (टाइप करताना एफआयएनडीएमएनटी) डॅश डॅश व्हेरिफाय देऊन तपासा आणि डेमन-रीलोड करा.

नोफेल लिहिले की एक नवा धोका तयार होतो. डिस्क नसतानाही मशीन सुरू होते, रात्री बॅकअपची स्क्रिप्ट चालते आणि /बॅकअप या रिकाम्या फोल्डरात, म्हणजे मूळ डिस्कवरच, सगळे ओतते. दोन-चार रात्रींत मूळ डिस्क भरते आणि डेटाबेस थांबतो. बॅकअपची सर्व्हिस असेल तर तिच्या युनिट भागात रिक्वायर्समाउंट्सफॉर=/बॅकअप लिहा; डिस्क नसेल तर ती सुरूच होणार नाही आणि जर्नलमध्ये 'डिपेंडन्सी फेल्ड' अशी नोंद दिसेल. स्क्रिप्ट क्रॉनमधून (ठरल्या वेळी कामे चालवणाऱ्या प्रोग्राममधून) चालत असेल तर तिच्या सुरुवातीला माउंटपॉइंट डॅश क्यू /बॅकअप ही तपासणी घालून, नसल्यास तिथेच एक्झिट १ करावे.

कळावे,

आपले,
लिनक्स सर्व्हर सांभाळणारे काही वाचक
पुणे